‘दादा मामाकडे गेलाय’: आत एक मूल, बाहेर सगळं घर

एका मुलीचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा: “माझा भाऊ साडेसोळा वर्षांचा आहे. वस्तीतल्या मोठ्या मुलांबरोबर मारामारीत सापडला आणि दीड महिन्यापासून निरीक्षणगृहात, म्हणजे रिमांड होममध्ये आहे. जामिनाचा अर्ज एकदा नाकारला. मी वीस वर्षांची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. धाकटी बहीण सहावीत आहे. तिला सांगितलंय, दादा मामाकडे गेलाय. आई तिच्यासमोर हसते आणि मोरीत जाऊन रडते. बाबा भेटीला येत नाहीत. मला कॉलेज सोडावंसं वाटतं. जे केलं ते भावानं केलं, मग आमच्या घराचं असं का झालंय? आणि मी काय करू?”

घराचं असं का झालंय, हे तू विचारलंस ते आधी घेते.

मी चोवीस वर्षं परिवीक्षा अधिकारी होते, पश्चिम महाराष्ट्रातल्या दोन जिल्ह्यांत. मुलगा बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे अल्पवयीनांची प्रकरणं चालवणाऱ्या मंडळापुढे आला की त्याच्या घरी जायचं, शेजारी, शाळा, कामाला असेल तर मालक, यांच्याशी बोलायचं आणि पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा, हे काम. त्यामुळे निरीक्षणगृहातली मुलं मी पाहिलीच, पण त्यांची घरं जास्त पाहिली. आणि घरात शिरल्यावर दरवेळी एकच दिसायचं. कागदावर केस एकाची असते. घरात तिची वाटणी होते. ती वाटणी सारखी कधीच होत नाही. जमिनीच्या वाटणीत मुलींना डावलतात, या वाटणीत मात्र सगळ्यात मोठा तुकडा त्यांच्याच नावावर चढतो.

सरकारी आकड्यांत हे सापडायचं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशभरात अल्पवयीन मुलांवर गुन्हा दाखल झाल्याची ३०,५५५ प्रकरणं आहेत. मुलगा किती शिकलाय, आईवडिलांजवळ राहतो की बेघर आहे, याचेही रकाने आहेत. त्याच्या पाठीवर किती भावंडं आहेत, असा रकाना नाही. माझ्या अहवालात भावंडांची नावं, वयं, शिक्षण लिहायला जागा असायची. तिथं मी वर्षानुवर्षं ‘बहीण, वय १९, शिक्षण चालू’ असं लिहून पुढच्या मुद्द्याला जात होते. ते ‘चालू’ पुढं किती दिवस चालू राहिलं हे बघायला परत जायचं माझं कामच नव्हतं. पुढं पुढं मी जाऊ लागले, ते नियमात बसतं म्हणून मुळीच नाही.

आता तुझ्या घरात काय झालंय ते बघ. मुलगा आत गेला त्या दिवसापासून घरात एक नवी नोकरी तयार होते, बिनपगारी. कारकुनाची. त्याच्या वयाचा पुरावा पाहिजे. कायद्यात क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. म्हणजे कुणीतरी शाळेत जायचं, क्लार्कसमोर उभं राहायचं, ‘कशाला पाहिजे?’ याला उत्तर द्यायचं. मग वकील, आधार, रेशनकार्ड, झेरॉक्सच्या चकरा, तारीख लिहून ठेवणं. हे सगळं घरातला जो मराठी वाचू-लिहू शकतो आणि ज्याचा रोज बुडत नाही त्याच्यावर येतं. ते माणूस म्हणजे बहुतेकदा कॉलेजातली थोरली बहीण. तू लिहिलं नाहीस, पण माझी खात्री आहे की भावाच्या कागदांची प्लास्टिकची पिशवी तुझ्याजवळच असते.

दुसरा हिशेब खाड्यांचा. आई धुणीभांडी करत असेल किंवा बाबा रोजंदारीवर असतील तर भेटीचा एक खाडा, तारखेचा एक खाडा. आठवड्याला एक भेट आणि महिन्यात दोन तारखा धरल्या तर सहा खाडे झाले. चारशे रुपये रोज धरला तरी चोवीसशे गेले, एसटीचं भाडं वेगळं. त्यात कुणीतरी ‘साहेब ओळखीचे आहेत, दहा हजारांत सोडवून आणतो’ म्हणणारा भेटतोच. बचत गटाचं कर्ज अशा माणसाच्या खिशात गेलेलं मी इतक्या वेळा पाहिलंय की पहिल्याच भेटीत मी आधी तेच विचारायचे: कुणाला पैसे दिलेत का? मुलांना आणि स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही, १९८७चा कायदा आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्यांचं कार्यालय असतं. दिले नसशील तर देऊ नको. दिले असशील तर त्याच्या मागं लागून आणखी घालवू नको.

पैशाची तूट कुठून भरून निघते? धाकट्यांच्या क्लासच्या फीमधून, थोरलीच्या बसपासमधून. कुणी बसून ठरवत नाही. ‘या महिन्यात राहू दे’ म्हणतात आणि तो महिना संपतच नाही.

हे झालं दिसणारं. न दिसणारं कसं असतं ते एका घरातलं सांगते. तिसरीतला धाकटा मला म्हणाला, “बाई, दादा गेल्यापासून आमच्याकडं रोज कुस्करा.” मला कळेना. मग उलगडलं. आई रात्री अजून पाच माणसांच्या चपात्या लाटत होती. दादाच्या चार रोज उरायच्या, सकाळी कांदा-मिरचीवर परतून त्यांचा कुस्करा व्हायचा आणि तोच शाळेच्या डब्यात. मी आईला विचारलं तर म्हणाली, “हात थांबत न्हाई ओ.” पोराला वर्गात ‘कुस्कऱ्या’ नाव पडलं होतं. त्याचा दादावरचा राग तिथून सुरू झाला होता, आणि घरातल्या कुणालाही वाटत होतं की त्याला दादाची आठवण येते म्हणून तो डबा परत आणतो. माझ्या अहवालात यासाठी जागा नव्हती. मी ‘कौटुंबिक संबंध जिव्हाळ्याचे’ असं लिहिलं. खोटं नव्हतं ते.

आता मामाकडे येते.

बहुतेक घरं हेच सांगतात. मामाकडे गेलाय, होस्टेलला टाकलाय, पुण्याला कामाला लागलाय. शब्दाची भीती असते. कायद्यात ‘निरीक्षणगृह’ म्हणतात, मंडळासमोर ‘आरोपी’, ‘अटक’ असले शब्द या मुलांसाठी वापरायचे नाहीत असं कायद्याचं तत्त्वच आहे. वस्तीत मात्र ‘रिमांड होम’च चालतं, मुंबईत तर नुसतं ‘डोंगरी’. तिथल्या निरीक्षणगृहाची वास्तू मुळातली उमरखाडीच्या, म्हणजे डोंगरीच्याच, तुरुंगाची. १८८२ साली टिळक-आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. त्यांचा तुरुंगवास मिरवला गेला. आपल्या पोराचा लपवावा लागतो.

तुझी आई लपवते ते मी समजू शकते. पण सहावीतली मुलगी साधारण आठवड्याभरात ओळखते. मामाचा फोन येतो आणि दादाशी बोलणं होत नाही. आई दर आठवड्याला त्याच दिवशी कुठंतरी जाते. शेजारीण तिला बघून गप्प होते. तिला सगळं कळलेलं असतं, फक्त आपल्याला कळलंय हे सांगायची सोय नसते. मग ती आईचं खोटं सांभाळते. एक अकरा वर्षांचं मूल आईला रडू येऊ नये म्हणून मामाची गोष्ट खरी मानल्याचं नाटक करतं, शाळेत मैत्रिणींपुढं तेच पुढं चालवतं, आणि रात्री पोटात दुखतं म्हणून उठतं. डॉक्टर जंताचं औषध देतात. मी जंताच्या औषधाच्या किती बाटल्या पाहिल्या ते विचारू नको. काही मुलं परत अंथरूण ओलं करायला लागतात. काही एकदम शहाणी होतात, काहीच मागत नाहीत. मला त्यांचीच जास्त काळजी वाटते.

आणि एक गोष्ट मुलं मनात जुळवतात ती मोठ्यांच्या ध्यानीमनीही नसते. एका मुलीला पक्कं वाटत होतं की भावाला तिनंच पाठवलं. भांडण झालं तेव्हा ती म्हणाली होती, “मर, जा कुठंतरी.” दुसऱ्या दिवशी तो गेला. सात महिने ती हे एकटी घेऊन बसली होती.

म्हणून धाकटीला सांगा. तू सांग, किंवा आई आणि तू मिळून. शब्द अवघड नाहीत: “दादा मामाकडे नाहीये. त्याच्या हातून मारामारीत एकाला लागलं. अशा मुलांना सरकार एका ठिकाणी ठेवतं, तिथं तो आहे. जेवतो, झोपतो, शाळा असते. कधी येईल ते तीन माणसांचं मंडळ ठरवणार आहे, आम्हाला कळलं की तुला सांगू. आधी खोटं सांगितलं कारण आम्हाला सुचलं नाही. हे तुझ्यामुळे झालेलं नाही.” शेवटचं वाक्य विसरू नको, तिला त्याची गरज नाही असं वाटलं तरी. बाहेर कुणाला काय सांगायचं तेही तिला आयतं दे, नाहीतर ती अडकेल. “दादा सध्या घरी नाही, आईला विचारा.” एवढंच. यात खोटं काही नाही, आणि बोलणारी बाई आईला विचारायला येत नाही.

बाहेर कळण्याबद्दल माझीच एक चूक सांगते. नोकरीचं दुसरं वर्ष. एका गावात घर सापडेना म्हणून किराणा दुकानात विचारलं. गळ्यात ओळखपत्र. “कोण आपण?” “निरीक्षणगृहाकडून आलेय.” काम झालं, अहवाल चांगला लिहिला, मुलगा सुटलाही. पुढच्या तारखेला त्याची आई म्हणाली, रागानं नाही, माहिती म्हणून: “थोरलीला बघायला पाहुणे यायचे होते रविवारी. नाही आले.” त्यानंतर मी ओळखपत्र पर्समध्ये ठेवायला लागले. पत्ता विचारायचाच तर अंगणवाडीच्या ताईला विचारायचे, आणि तेही लसीकरणाचं काहीतरी विचारल्यासारखं. मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो कुठल्याही माध्यमातून उघड केला तर २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. गावातल्या एखाद्या यूट्यूब चॅनलनं किंवा व्हॉट्सॲप ग्रुपनं त्याचा फोटो फिरवला असेल तर स्क्रीनशॉट ठेव आणि मंडळापुढं लेखी दे. किराणा दुकानाला मात्र कुठलं कलम लावणार?

मुलींची लग्नं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण लपवून उपयोग नाही. भाऊ आत गेल्यावर बहिणीचं लग्न दोन तऱ्हांनी हलतं. एक तर मोडतं. नाहीतर घाईनं उरकतात, ‘अजून काही कानावर जायच्या आत’. तू वीस वर्षांची आहेस. पुढच्या दोन-तीन महिन्यांत एखादी आत्या किंवा काकू एखादं स्थळ घेऊन आली तर ते स्थळ कसं आहे याच्या आधी ते आत्ताच का आलं हे बघ.

मुलग्यांच्या वाट्याला वेगळं येतं. तुला धाकटा भाऊ नाही, तरी हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला असेल म्हणून लिहिते. बारा-तेरा वर्षांच्या पोराचा दादा आत गेला की दादाचे मित्र त्याला ‘छोटा’ म्हणायला लागतात. वडापाव खायला घालतात, गाडीवर मागं बसवतात. घरात त्याच्याकडं कुणी बघत नसतं त्याच दिवसांत हे होतं. शाळेत गुरुजी म्हणतात, “त्याचा भाऊ का तू? बरं.” त्या ‘बरं’मध्ये सगळं आलं. वस्तीत मोबाइल चोरीला गेला की चौकशीला पहिलं नाव याचं. थोरला सुटून येतो तेव्हा धाकट्यानं सुरुवात केलेली असते. दोन भाऊ दोन वर्षांच्या अंतरानं एकाच खोलीत राहून गेले, असं माझ्या काळात बऱ्याचदा झालं. पोलिसांनी याला रक्तातच आहे म्हटलं. मी म्हणेन, वडापावात होतं.

आता एक अशी गोष्ट जी तू लिहिली नाहीस आणि कदाचित लिहिणारही नाहीस. तुला कधी सुटल्यासारखं वाटलंय का? रात्री दाराशी कुणी हाका मारत नाही, आई-बाबांचं त्याच्यावरून भांडण नाही, तुझा मोबाइल कुणी उचलून नेत नाही. भावंडं हे मला एकटी गाठून, आवाज खाली घेऊन सांगायची. एक मुलगी म्हणाली, “बाई, तो आत असला की मला झोप लागते.” आणि लगेच रडायला लागली, पाप बोलल्यासारखी. यात पाप काही नाही. तुझा भाऊ घरात असताना घर ताणलेलं होतं, आता ते दुसऱ्या तऱ्हेनं ताणलेलं आहे. दोन्ही खरं असू शकतं: त्याची आठवण येते आणि तो नसल्यानं बरंही वाटतं.

बाबांचं. बाप भेटीला येत नाही हे इतकं नेहमीचं आहे की आमच्याकडं भेटीच्या दिवशी फाटकाबाहेर नव्वद टक्के बायकाच बसलेल्या असायच्या. (हा माझा डोळ्यांचा अंदाज, आकडेवारी म्हणून धरू नको.) बापाला राग असतो म्हणतात. मी जेवढ्या बापांशी बोलले त्यांच्यात रागापेक्षा शरम जास्त होती, आणि आई-बाप दोघंही घरी एकमेकांना ‘तुझ्या लाडानं’ आणि ‘तुमच्या मारानं’ हेच सुनावत होते. तू मध्ये पडून दोघांचं जुळवायला जाऊ नकोस, ते तुझ्या वयाचं काम नाही. पण तारखेच्या दिवशी त्यांना ने. भेटीला नको म्हणतील, तारखेला ‘तुमची सही लागते’ म्हटल्यावर येतात. मंडळ हे कोर्टासारखं भरत नाही. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक सदस्य, त्यात एक तरी स्त्री, साधी खोली. तिथं मुलगा समोरून चालत येतो आणि बापाला बघून थांबतो. तेवढं पुरतं बऱ्याचदा.

तारखेचा विषय निघालाच आहे तर जामिनाचं. अल्पवयीन मुलाला गुन्हा कुठलाही असो, जामीन हा नियम आहे. नाकारायला तीनच कारणं चालतात: सुटल्यावर तो ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत पडेल, त्याला शारीरिक, मानसिक किंवा नैतिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. कारण लेखी द्यावं लागतं. तुझा भाऊ मोठ्या मुलांच्या टोळक्यात होता म्हणतेस, तर कारण बहुधा पहिलंच असेल. आदेशाची प्रत काढून वाच. तसं असेल तर ‘आमचा मुलगा चांगला आहे’ हे परत सांगून काही होणार नाही. मंडळाला भीती त्याच्या चांगुलपणाची नाही, तुमच्या गल्लीची आहे. तेव्हा गल्लीवर उत्तर द्यायचं.

तुला खरंच मामा आहे ना? दुसऱ्या गावात राहतो? त्याला विचार. चौकशी संपेपर्यंत मुलगा माझ्याकडे राहील, इथल्या शाळेत किंवा आयटीआयला जाईल, तारखेला मी हजर करीन, असं हमीपत्र मामानं द्यायचं, त्याच्या घराचा पत्ता-पुरावा जोडायचा आणि वकिलाला नव्यानं अर्ज करायला सांगायचं. परिवीक्षा अधिकाऱ्यांना मामाचं घर बघून या म्हणून विनंती करायची. मी अशी किती घरं बघितली, आणि मंडळानं ऐकलंही. पुण्यातलं २०२४चं कल्याणीनगरचं अपघात प्रकरण, अल्पवयीन मुलाच्या गाडीनं दोघांचा जीव गेला ते, तुला आठवत असेल. लोकांना त्यातला जामिनाच्या अटीतला ३०० शब्दांचा निबंध तेवढा आठवतो. पुढं जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या मुलाला निरीक्षणगृहातून सोडून आत्याच्या ताब्यात दिलं, हे कुणाच्या लक्षात नाही. त्या घरामागं मोठे वकील होते, हे खरंच. पण आत्या तर आपल्याकडेही असते. नातेवाइकाचं घर हा पर्याय कायद्यात गरिबालाही तेवढाच आहे, फक्त तो कुणी मागत नाही.

म्हणजे तुझ्या आईनं जे खोटं सांगितलं ते खरंही करता येईल.

चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत संपवायची असते, फार तर आणखी दोन. गंभीर गुन्ह्यात त्यापुढं न्यायचं तर मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मुदत घ्यावी लागते. हे आकडे धाकटीला सांगू नको, ती कॅलेंडरवर खुणा करेल आणि तारीख पुढं गेली की मोडून पडेल. स्वतःला मात्र सांग.

कॉलेज सोडू नको. हे मी सल्ला म्हणून कमी आणि हिशेब म्हणून जास्त सांगते. ज्या घरांत थोरली शिकत राहिली तिथं दोन वर्षांनी कुणीतरी पगार आणत होतं. जिथं सोडलं तिथं भाऊ सुटून आल्यावर घरात दोन बिनकामाची तरुण माणसं झाली, आणि त्यातली एक दुसऱ्यावर खार खाऊन होती. परीक्षा आणि तारीख एकाच दिवशी आली तर तारखेला आई जाईल. कागदांची पिशवी आदल्या रात्री तिला लावून दे, कुठला कागद कुठं ते दाखव. तिला वाचता येत नसेल तर प्रत्येक कागदावर वेगळ्या रंगाची टाचणी लाव. एका आईनं मला ही युक्ती दाखवली होती: लाल म्हणजे आधार, हिरवी म्हणजे शाळेचा दाखला.

भावाच्या केसमुळे तुझी बँकेची परीक्षा, पोलीस पडताळणी अडकेल, असं तुला कुणीतरी सांगितलं असेलच. पडताळणी तुझ्या नावाची होते. त्याचं म्हणशील तर त्याच्यावरही हा शिक्का कायमचा राहू नये अशी कायद्यात सोय आहे: बाल न्याय मंडळानं निकाली काढलेल्या प्रकरणाची नोंद पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी उघड करायची नाही. आणि धाकटीला शाळेनं काही बोलून काढायचा प्रयत्न केला तर आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, शिक्षण हक्क कायदा आहे. भावाचं दहावीचं वर्ष बुडत असेल तर १७ नंबरच्या फॉर्मची, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायच्या अर्जाची, मुदत आजच बघ. ती कुणासाठी थांबत नाही.

एका गोष्टीत मात्र मी आत्तापर्यंत जे सांगितलं ते उलटं करायचं. मुलानं ज्याला दुखवलं ते मूल त्याच घरातलं असेल, सख्खं किंवा चुलत, तर त्या मुलाला भेटीला न्यायचं नाही, ‘भाऊच आहे, माफ कर’ म्हणायचं नाही, आणि सुटून आलेल्याला त्याच छताखाली आणायच्या आधी परिवीक्षा अधिकाऱ्यांशी आणि बालकल्याण समितीशी बोलायचं. घर एकत्र ठेवायच्या नादात अशा मुलांचं फार नुकसान झालेलं मी पाहिलंय. तुमचं तसं नाही. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा फोन क्रमांक मात्र प्रत्येक घरात माहीत असावा.

भाऊ घरी येईल तेव्हाचं थोडं आधीच सांगून ठेवते, कारण तेव्हा विचारायला कुणी येत नाही. सगळ्यांना वाटतं, आला, संपलं. पहिला आठवडा छान जातो. मग दिसायला लागतं की तो भराभर जेवतो, ताट पुढं ओढून. पहाटे आपोआप उठतो आणि काय करावं कळत नाही म्हणून बसून राहतो. बाबा खोलीत आले की उभा राहतो. धाकटी त्याच्या जागेवर झोपायला लागलेली असते, ती उठत नाही, आई तिला ओरडते. एका घरी नववीतला मुलगा मला म्हणाला होता, “दादा सुटला त्या दिवशी चिकन. मला आठवीत एक्क्याऐंशी टक्के पडले तेव्हा पेढासुद्धा नाही.” त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं आणि मी ते त्याच्या आईला जसंच्या तसं सांगितलं. तिला धक्का बसला. तिला खरंच आठवत नव्हतं निकाल कधी लागला ते.

तेव्हा पेढे आत्ताच आण. धाकटीची सहामाही होईल तेव्हा, मार्क कितीही पडू देत.

पुढच्या भेटीला तिला घेऊन जा. आधी अधीक्षकांना विचार, लहान भावंडांना बहुतेक ठिकाणी सोडतात. आदल्या दिवशी तिला सांगून ठेव की दादा बारीक झालेला दिसेल, केस कापलेले असतील, मध्ये टेबल असेल, वेळ थोडाच मिळेल आणि आई रडली तर रडू दे. तिथं त्याला ‘तुझ्यामुळे’ सुनावू नका, आणि ‘घरी सगळं मजेत’ असंही सांगू नका, त्याला खरं वाटत नाही. घरातलं बारीकसारीक सांगा: मांजर व्याली, नळाला पाणी आता सकाळी येतं, बाबांनी सायकलचं पंक्चर काढलं. तिला काही न्यायचं असेल तर चित्र काढू दे. सुट्या कागदावर काढ म्हणावं, वहीत नको. तारेची स्पायरल असलेली वही आमच्याकडं फाटकावरच काढून घ्यायचे, आणि मग पोर आत जाऊन चित्राबद्दल नुसतं सांगत बसायचं.